पत्रात आईचं नाव दोनदाच

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या छप्पन्न वर्षांच्या एक शिक्षिका लिहितात: थोरला भाऊ पंचवीस वर्षं अमेरिकेत, न्यू जर्सीमधल्या एडिसनला होता. नागरिकत्वही तिथलंच. घटस्फोटाला चौदा वर्षं झाली, मूलबाळ नाही. गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो हृदयविकाराने गेला. मृत्युपत्र सापडलेलं नाही. मागे तिथलं राहतं घर, बँकेतली शिल्लक, शेअर आणि नोकरीतला निवृत्तिनिधी आहे. इथे गंगापूर रोडला भाड्याने दिलेला फ्लॅट आणि एनआरओ खातं, म्हणजे परदेशस्थ भारतीयांचं इथल्या बँकेतलं रुपयांचं खातं. निवृत्तिनिधीच्या कागदावर अजून घटस्फोटित वहिनीचंच नाव आहे. फ्लॅटच्या सोसायटीत नॉमिनी म्हणून पुण्यातल्या धाकट्या भावाचं नाव आहे आणि त्यामुळे तो फ्लॅट आपलाच समजतो. फ्लॅटचं मुखत्यारपत्र बाईंच्या यजमानांकडे आहे. ८२ वर्षांची आई बाईंकडेच असते. तिला दगदग नको म्हणून तिच्याकडून हक्कसोड पत्र करून घ्यायचं आणि सगळं दोघा भावंडांत वाटायचं, असं ठरत आलंय. प्रश्न असा: वहिनीला कसं रोखायचं, धाकट्याला कसं समजवायचं, आणि पैसा इथे कसा आणायचा?

ताई,

बाकीचं सावकाश वाचा, पण एक काम आज रात्रीच करा. वीजबिल वाचावं म्हणून तुमच्या भाच्याने दादांच्या घरातलं हीटिंग बंद केलं, मेन स्विच खाली ओढला आणि कुलूप लावलं, असं तुम्ही लिहिलंय. मे महिन्यात गावाला जाताना आपणही हेच करतो. न्यू जर्सीच्या फेब्रुवारीत हे केलं तर पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतो आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून धार लागते. त्यातून बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये घर तीस किंवा साठ दिवस रिकामं राहिलं की अशा नुकसानीची भरपाई मिळत नाही. दादांना जाऊन शंभर दिवस झाले. आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिथले सकाळचे साडेदहा. भाच्याला सांगा, हीटिंग कमीवर चालू ठेव, पाण्याचा मुख्य कॉक बंद कर, विमा कंपनीला घर रिकामं असल्याचं कळव आणि पत्रपेटीतलं सगळं टपाल एका पिशवीत भरून ठेव. ते टपाल पुढे फार कामाला येणार आहे.

आता पत्राकडे वळते. चार पानं आहेत. मी पेन्सिल घेऊन बसले आणि कोणाचा उल्लेख किती वेळा आलाय ते मोजलं. वहिनी अकरा वेळा, धाकटा भाऊ नऊ वेळा, वकील पाच वेळा. आई दोनदा, आणि दोन्ही वेळा 'तिला कशाला त्रास' याच वाक्यात.

ताई, वारस त्याच आहेत. एकट्या त्याच.

आपल्याकडे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची मालमत्ता आधी वर्ग एकच्या वारसांकडे जाते: मुलं, मुली, विधवा पत्नी आणि आई. भाऊ-बहीण वर्ग दोनमध्ये येतात. वर्ग एकमधलं एक जरी माणूस हयात असेल तरी वर्ग दोनला काहीच मिळत नाही. दादांना पत्नी नाही, मूल नाही. म्हणजे गंगापूर रोडचा फ्लॅट आईचा. न्यू जर्सीचा कायदा वेगळ्या वाटेने जातो, पण पोचतो तिथेच. पती-पत्नी नाही, मुलं नाहीत, तर आई-वडील, आणि त्यातलं एकच हयात असेल तर सगळं त्या एकाला. तुम्ही आणि धाकटे जी वाटणी करताय ती तुमच्या दोघांच्या मालकीची नसलेल्या गोष्टीची आहे. 'बाजारात तुरी' म्हणतात ती तऱ्हा.

तुम्ही म्हणाल, आईचं ते शेवटी आमचंच, मग मधला एक टप्पा गाळला तर काय बिघडलं? बिघडतं, आणि तेही डॉलरमध्ये. न्यू जर्सी हे वारसा कर घेणाऱ्या मोजक्या अमेरिकी राज्यांपैकी एक आहे, आणि हा कर मेलेल्या माणसाशी तुमचं नातं काय यावर ठरतो. आई-वडील, पत्नी, मुलं यांना तो शून्य. भावंडांना मात्र पहिले २५ हजार डॉलर सोडून पुढच्या रकमेवर ११ टक्क्यांपासून. आई बाजूला सरल्या आणि तुम्ही दोघं दादांचे थेट वारस म्हणून उभे राहिलात, तर हा ११ टक्क्यांचा प्रश्न तुम्ही स्वतःच्या हाताने उभा कराल. त्याच आईने पैसा घेतला आणि पुढे आपखुशीने तुम्हाला दिला, तर इथे आईने मुलांना दिलेल्या भेटीवर आयकर नाही. या कराचं विवरणपत्र मृत्यूपासून आठ महिन्यांत भरायचं असतं, म्हणजे तुमच्यासाठी जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. केंद्राच्या, म्हणजे अमेरिकी संघराज्याच्या इस्टेट कराची (इस्टेट म्हणजे माणसाने मागे ठेवलेली सगळी मालमत्ता) तुम्हाला धास्ती वाटतेय, ती सोडा. २०२५ मध्ये वारलेल्या तिथल्या नागरिकाला १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलरपर्यंत माफी आहे. दादांचा आकडा त्याच्या आसपासही नसावा.

हे झालं पैशाचं. हक्कसोड पत्राला माझी हरकत त्याच्याही पलीकडची आहे. बँकेच्या एनआरआय टेबलामागे माझी तेवीस वर्षं गेली. त्या टेबलावर मी अशा कितीतरी म्हाताऱ्या बायका पाहिल्या: मुलगा पेन हातात देतो, बोट ठेवून जागा दाखवतो, 'इथे कर' म्हणतो, बाई करतात. कागद काय आहे हे त्या मुलाला विचारत नाहीत, आणि माझ्याकडे बघतात. आमच्याच घरी वडील गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी आईची अशीच सही घेतली होती. जेवणाच्या टेबलावर, ताटं उचलायच्या आधी. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तरीही आईंच्या नावावर सगळं करून स्वस्थ बसा असं मी म्हणणार नाही, कारण तिथे दुसरा खड्डा आहे. अमेरिकेचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसलेला माणूस तिथलं घर किंवा तिथल्या कंपन्यांचे शेअर नावावर ठेवून वारला, तर त्याला माफी फक्त ६० हजार डॉलरची. त्यावरच्या रकमेला २६ पासून ४० टक्क्यांपर्यंत इस्टेट कर. भारताचा अमेरिकेशी इस्टेट कराचा करार नाही, त्यामुळे तिथेही सूट नाही. आई ८२ वर्षांच्या आहेत. एडिसनचं घर 'असू दे, भाडं येईल' म्हणून त्यांच्या नावावर वर्षानुवर्षं ठेवणं म्हणजे हा कर ओढवून घेणं. घर आणि शेअर विकून रक्कम आईंच्या इथल्या खात्यात आणणं मला शहाणपणाचं वाटतं. (हा खड्डा फक्त तुमच्यासाठी नाही. इंदिरानगरात बसून मोबाइलवर अमेरिकी शेअर घेणाऱ्या आणि तिथल्या कंपनीकडून पगाराबरोबर शेअर मिळालेल्या मंडळींनाही हाच ६० हजारांचा नियम लागतो. घरच्यांना माहीत असू द्या.)

घर विकण्याआधी तिथल्या वकिलाला एक प्रश्न नक्की विचारा: इस्टेटीमार्फत विकायचं, की आईंच्या नावावर चढवून मग विकायचं? परदेशी व्यक्ती घर विकते तेव्हा खरेदीदाराला किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून तिथल्या कर खात्याकडे भरावी लागते. ती रिटर्न भरून परत मिळू शकते, पण तोवर अडकते. आणि इथल्या सीएला दुसरा प्रश्न. अमेरिकेत वारशाने आलेल्या घराची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीची धरतात, त्यामुळे लगेच विकलं तर तिथे नफा जवळपास नसतो. आपल्याकडे मात्र दादांनी ज्या किमतीला घेतलं ती धरतात. तिथे कर शून्य आणि इथे वीस वर्षांच्या वाढीवर भांडवली नफ्याचा कर, असं होऊ शकतं. व्यवहार झाल्यावर सीएकडे गेलात तर तो फक्त आकडा सांगेल, आधी गेलात तर वाट सांगेल.

धाकट्यांचं आता. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की बँकेत मी रोज एकदा तरी तो खोडायचे आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उगवायचा. नॉमिनी सांभाळणारा असतो, वारसांच्या वतीने. शेअरच्या बाबतीतही हेच खरं असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. सोसायटीशी पत्रव्यवहार धाकटे करतील, फ्लॅट आईंचा राहील. पण हे त्यांना ऐकवताना तुमच्या यजमानांकडचं मुखत्यारपत्रही त्याच दिवशी मेलं, हे विसरू नका. ते देणारा माणूस गेला की मुखत्यारपत्र संपतं. त्यावर भाडेकरूशी नवा करार करता येत नाही, विक्री तर लांबच. आणि दादांचा भारतातला नंबर तुमच्याकडे आहे, ओटीपी येतो, 'एनआरओमधले पैसे काढून खर्चापुरते वापरू का' असं तुम्ही शेवटच्या पानावर हळूच विचारलंय. नको. खातेदार गेल्यावर त्याच्या पासवर्डने काढलेला एक रुपयाही पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो, आणि वापरणारा बहुधा सख्खाच असतो. बँकेला मृत्यू कळवा. इथल्या ठेवींसाठी बँकेने मागितलं तर वारसा प्रमाणपत्र, फ्लॅटसाठी वारस दाखला. दोन्हींचे अर्ज सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात बसणारे वकील नेहमी करत असतात. अर्जदार आई.

आता वहिनी. तुम्ही 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी' असा शब्द वापरलाय, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. अमेरिकेतल्या निवृत्तिनिधीवर, ज्याला तिथे ४०१(के) म्हणतात, लिहिलेलं नाव आपल्या नॉमिनीसारखं नसतं. तिथे ज्याचं नाव तोच मालक. मृत्युपत्र असतं तरी ते त्याच्यापुढे चाललं नसतं. घटस्फोट झाला म्हणून ते नाव आपोआप पुसलं जातं असंही नाही. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एगलहॉफ नावाचा खटला झाला. विमानं बनवणाऱ्या कंपनीतला नोकरदार घटस्फोटानंतर थोड्याच महिन्यांत अपघातात गेला, कागदावर घटस्फोटित बायकोचं नाव तसंच राहिलं होतं. त्याच्या राज्याचा कायदा म्हणत होता की घटस्फोटाने नाव रद्द होतं. न्यायालय म्हणालं, नोकरीतल्या अशा निधीपुढे राज्याचा कायदा चालत नाही, कागदावरच्या नावाला पैसे द्या. न्यू जर्सीतही घटस्फोटाने नाव रद्द करणारा कायदा आहे, आणि या निधीपुढे त्याचीही तीच गत.

म्हणून आधी वकील करू नका. निधी सांभाळणाऱ्या कंपनीकडे इस्टेटीतर्फे लेखी विचारणा करा: लाभार्थी कोण, अर्ज कोणत्या तारखेचा. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात या निधीबद्दल काही लिहिलंय का, ते पाहा. त्यात तिने हक्क सोडला असेल तर बोलण्यासारखं काहीतरी आहे. नसेल, तर वकिलाला तासावारी डॉलर मोजून तुम्ही हरणारी केस विकत घ्याल.

आणि ताई, तिसऱ्या पानावर समासात तुम्ही एक ओळ लिहिलीय: 'हॉस्पिटलात शेवटचे चार दिवस तीच होती, दहनाचंही तिनेच पाहिलं, हे मान्य.' अस्थींचा डबा, त्याबरोबरचं दहनाचं प्रमाणपत्र, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, हे सगळं भाच्याच्या हाती तिनेच दिलं. मग दादांनी ते नाव बदललं नाही ते विसरले म्हणूनच, हे आपण कशावरून धरतोय? मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. तिला फोन करा. पैशाबद्दल बोलू नका, कागदांबद्दल विचारा. दादांचा कर कोण भरायचं, लॉकर होता का, आणखी कुठे खातं होतं का, हे बहुधा तिलाच ठाऊक असेल.

तिथली वाट सांगते, थोडक्यात. न्यू जर्सीत दर काउंटीला सरोगेट न्यायालय असतं. मृत्युपत्र नसेल तर ते इस्टेटीवर प्रशासक नेमतं. आईंना पहिला हक्क, पण त्या तिथे जाणार नाहीत. त्यांनी लेखी नकार देऊन दुसऱ्याचं नाव सुचवायचं. इथे डोळे उघडे ठेवा. हा नकार फक्त काम बघण्याच्या हक्काचा असतो, वारशाचा नव्हे, आणि दोन्ही कागद दिसायला सारखे असतात. प्रशासकाला सहसा हमीपत्राचा बाँड द्यावा लागतो. मग तो इस्टेटीसाठी कर क्रमांक घेतो, इस्टेटीच्या नावाने खातं उघडतो, सगळा पैसा त्यात येतो, देणी त्यातून जातात, उरलेलं आईंना. धनको मंडळींना मागणी करायला मृत्यूपासून नऊ महिने असतात, त्यामुळे ऑगस्टच्या आत पूर्ण वाटपाची अपेक्षा धरू नका. दादांचं शेवटचं आयकर विवरण तिथे १५ एप्रिलपर्यंत. भाच्याच्या पिशवीतलं टपाल इथे उपयोगी पडेल: जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्येक बँक आणि ब्रोकर वर्षाच्या व्याज-लाभांशाचा कागद पाठवतो. तुम्हाला न सापडलेलं खातं त्यात सापडतं.

हॉस्पिटलच्या बिलासाठी तुमच्या फोनवर जे कॉल येतायत, त्यांना एकच उत्तर द्या: प्रशासक नेमला की मागणी त्याच्याकडे पाठवा. ते देणं इस्टेटीचं आहे, तुमचं नाही. फोनवर 'थोडे भरते' म्हणू नका. 'तुमच्या भावाचा वारसा सोडवून देतो, आधी फी भरा' म्हणणाराही एखादा येईलच. तो फोन ठेवून द्या.

इथून जाणाऱ्या कागदांवर अपॉस्टिल लागेल, म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का. भारत २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. नोटरी, मग राज्याचं प्रमाणन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का; तो नेमलेल्या एजन्सीमार्फत मिळतो. किंवा आईंना मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत नेऊन तिथल्या नोटरीसमोर सही; दर शिक्क्याला ५० डॉलर. ८२ व्या वर्षी कसाऱ्याचा घाट दोनदा उतरवायचा की कागद पाठवायचे, ते त्यांची कंबर ठरवेल.

पण घोडं पेंड खाईल ते नावापाशी. आपल्या बायकांची नावं किती ठिकाणी किती प्रकारची असतात! माहेरची इंदू, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेली कुसुम, रेशनकार्डावर कुसुमबाई, आधारवर वडिलांऐवजी नवऱ्याचं नाव, पॅनवर आडनावाचं स्पेलिंग निराळं. दादांच्या जन्मदाखल्यावरची आई आणि आज सही करणारी आई एकच, हे न्यू जर्सीतल्या कारकुनाला कागदावरूनच पटवायचंय. ज्या गावात देशाचे पासपोर्ट आणि स्टॅम्पपेपर छापले जातात त्या गावातल्या घरोघरी ही अडचण असावी, याची मला नेहमी गंमत वाटते. रामकुंडावर तुमच्या तीर्थोपाध्यायांनी बाडातून तीन पिढ्या काढून दाखवल्या असतील, पण ते बाड सरोगेटसमोर चालत नाही. सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आजच करायला घ्या. वेळ खाणारं काम तेच आहे.

पैसा इथे आणण्याला बंदी नाही. परदेशात राहणाऱ्याकडून वारशाने आलेली तिथली मालमत्ता भारतातल्या माणसाला बाळगताही येते. परकीय चलनाच्या व्यवहारांसाठीच्या फेमा कायद्यातच तशी तरतूद आहे. आपल्याकडे वारसा कर नाही, १९८५ मध्येच तो गेला. वारशाची मूळ रक्कम आईंचं उत्पन्न धरली जात नाही. त्यानंतरचं व्याज, भाडं, नफा धरला जातो. मात्र तिथलं काहीही नावावर आलं की उत्पन्न असो-नसो, आईंना रिटर्न भरावं लागेल, आणि त्यात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट, ज्याला सीए 'शेड्यूल एफए' म्हणतात. पेन्शनरांचा नेहमीचा साधा फॉर्म तेव्हा चालत नाही. न दाखवल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो. घर सोडून बाकी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तो दंड नाही, पण दाखवणं चुकत नाही.

राहिलं आईंशी बोलणं. धाकट्यांना पुण्याहून बोलवा. तुम्ही एकटीने सांगितलंत तर उद्या ते म्हणतील, ताईने आईचे कान भरले. दुपारी बसा, आईंची झोप झाल्यावर. चष्मा त्यांच्या हातात द्या. दादांचं काय काय आहे ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, डॉलरमध्ये आणि रुपयांतही, आणि वर लिहा की कायद्याने हे तुझं आहे. वहिनीचं नाव कशावर आहे तेही लिहा. मग गप्प बसा.

त्या बहुधा म्हणतील, 'मला काय करायचेत पैसे, तुम्ही बघा.' ते उत्तर धरून लगेच वकिलाला फोन करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, आणि आठवड्याने तिसऱ्यांदा.